इश्श, मी कशाला!

आरशासमोर उभ्या राहून दमयंतीबाई कानटोपी घालून बघत होत्या, तेवढ्यात आर्या खोलीत शिरली.

डोक्यावर पंखा गरगरत होता. समोरच्या ब्लॉकवर बांबूंना अडकवलेले कपडे बघता बघता वाळत होते. दमयंतीबाईंच्या कपाळावरून निघालेली घामाची धार टोपीच्या आतून थेट हनुवटीपर्यंत पोचली होती.

"आजी, व्हाय यू वेअरिंग दॅट?" आर्या म्हणाली. "सो हॉट, लाह."

"सहज गं. माप बघत होते," असं म्हणत त्यांनी टोपी ओढून काढली आणि उशीखाली सारली. कुणाला सांगू नकोस, हेही बजावलं. आर्या तेरा वर्षांची होती, म्हणजे आजीच्या टोपीपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या गोष्टी तिच्या डोक्यात होत्या. तिने खांदे उडवले, टेबलावरची पट्टी उचलली आणि ती निघून गेली.

टोपी मरून रंगाची, चांगल्या लोकरीची होती. क्षिप्रा, म्हणजे त्यांची सून, लिटिल इंडियातल्या मोठ्या दुकानात सामान भरायला त्यांना घेऊन गेली होती. ती खाली तांदूळ आणि रवा बघत असताना दमयंतीबाई हळूच वरच्या मजल्यावर गेल्या होत्या. कहाँ जा रहे हो माताजी, असं तिथल्या माणसाने विचारलं, तेव्हा इकडेतिकडे बघून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या होत्या, "जर्मनी." सिंगापुरात राहून लोकरीची टोपी विकत घेणारी बाई जरा वेडगळच म्हणायची. पण दमयंतीबाई वेडगळ नव्हत्या. त्या प्रवासाला निघाल्या होत्या. निदान त्यांची तशी समजूत होती.

त्यांचा मुलगा उन्मेष अलेक्झांड्रा रोडवरच्या एका बँकेच्या ऑफिसात होता. जूनमध्ये त्याला फ्रँकफर्टला मीटिंग होती, आणि नेमकी तेव्हाच आर्याला शाळेची सुट्टी. मीटिंग आटोपली की गाडी भाड्याने घ्यायची आणि चार दिवस जर्मनीच्या खेड्यापाड्यांतून भटकायचं, असं ठरलं होतं. मोझेल नावाची नदी, तिच्या दोन्ही काठांवर द्राक्षांचे मळे, टेकड्यांवर किल्ले. जेवणं झाली की उन्मेष टेबलावर नकाशा पसरायचा. त्याला एका दिवसात पाच किल्ले उरकायचे होते आणि क्षिप्राला एकाच नदीकाठी पाच तास बसायचं होतं. दोघांची रोज जुंपायची. दमयंतीबाई समोर बसून कोथिंबीर निवडायच्या. त्यांच्या बाजूने नकाशा उलटा दिसायचा, त्यामुळे नदी, गावं, रस्ते सगळं त्यांना उलटंच पाठ झालं होतं. लिंडनहाल नावाच्या गावात मुक्काम करायचा होता. ते गाव नदीच्या वळणावर कुठे आहे, हे त्यांनी डोळे मिटून दाखवलं असतं.

दमयंतीबाईंनी आयुष्यात प्रवास केला नव्हता असं नाही. नणंदेच्या बाळंतपणाला नागपूर झालं, भावजयीच्या आजारपणाला बेळगाव झालं, पुतण्याच्या मुंजीला इंदूर झालं. आर्याच्या वेळी सिंगापूर झालं, आणि यजमान, मनोहरराव, गेल्यावर तर इथेच राहणं झालं. जिथे म्हणून त्या पोचल्या तिथे पाय धुतले की पदर खोचला. नागपुरात संत्र्याची बाग त्यांनी पाहिली नाही, पण नणंदेच्या घरातला पोळपाट एका बाजूने कलता होता हे त्यांना अजून आठवत होतं. पलीकडे कोणी बाळंतीण नाही, कोणी आजारी नाही, कसलं कार्य नाही, नुसतं जायचं आणि बघायचं, असा एक प्रवास करून बघावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण 'मला हवं आहे' हे शब्द त्यांच्या तोंडी कधी बसलेच नव्हते. हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं की गाड्यामागचा माणूस "आंटी, व्हॉट यू वाँट?" म्हणायचा, तेव्हाही त्या क्षिप्राकडे बोट दाखवून 'सेम सेम' म्हणायच्या.

आता उन्मेषने त्यांना विचारलंच नाही, असं कोणी म्हणू नये. विचारलं होतं. तिकिटं काढायच्या आधी, नकाशावरून मान वर करून तो म्हणाला होता, "आई, तू येतेस का गं?"

दमयंतीबाईंचा जीव एकदम सुपाएवढा झाला. आणि तोंडातून काय निघालं? "इश्श, मी कशाला! माझं काय काम तिथे?"

हे काही उत्तर नव्हतं, ही नुसती सुरुवात होती. त्यांच्या माहेरी आणि सासरी पंगतीत जिलबीला पहिल्यांदा कोणी हो म्हणत नसे. वाढणाऱ्याने ताटावर वाकायचं, आपण हात आडवा धरायचा. त्याने पुन्हा वाकायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं. मग तो 'माझ्यासाठी एक' म्हणाला की हात जरासा बाजूला घ्यायचा. एका शब्दावर ताट पुढे करणारा माणूस हावरा, आणि एका शब्दावर पुढच्या पानाकडे वळणारा वाढपी अडाणी. हे कोणी कोणाला शिकवत नसे, ते आपलं असायचंच. पण उन्मेष शिक्षण संपताच इकडे आला होता. त्याच्या ऑफिसात एकदा विचारतात, एकदा उत्तर देतात आणि कामाला लागतात. आईचे गुडघे दुखतात, तिला तिथलं खाणं जमणार नाही, ती नको म्हणते तर उगाच कशाला त्रास, असा त्याने अगदी मायेने विचार केला आणि मान पुन्हा नकाशात घातली.

दमयंतीबाई त्याच्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिल्या. ते काही आलं नाही. आलं ते भलतंच.

एका संध्याकाळी त्या देवाजवळ दिवा लावत होत्या आणि बाहेर उन्मेष क्षिप्राला सांगत होता, "हॉटेलचा विचारच सोड. पेन्शनमध्ये सगळं छान बसतं. आईला काळजी नको, तिचं मी बघतो."

दमयंतीबाईंच्या हातातली काडी विझली. मनोहरराव पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या मागे त्यांचं निम्मं पेन्शन दमयंतीबाईंच्या नावाने पुण्यातल्या बँकेत पडत होतं, आणि उन्मेषने त्याला आजवर कधी हात लावला नव्हता. म्हणजे पोराने ओळखलं. आई मुलाच्या पैशांवर हिंडायला संकोचते, म्हणून तिच्याच पेन्शनमध्ये तिचा खर्च बसवला. परत विचारून तिला लाजवलं नाही, परस्पर ठरवून टाकलं. अगदी बापाच्या वळणावर गेलाय, असं मनात म्हणत त्यांनी दुसरी काडी ओढली. पुढच्याच खेपेला कानटोपी आली.

त्यानंतरचे काही दिवस दमयंतीबाई फार सुखात होत्या. पोळ्या लाटताना गुणगुणायच्या. लिफ्ट सोडून एक मजला जिन्याने चढायच्या, गुडघ्यांना सवय व्हावी म्हणून.

मग एकदा खाली बाकावर अरुणाताई भेटल्या. त्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहायच्या, चांगल्या प्रेमळ बाई. जूनमध्ये तुम्ही आमच्याकडे राहायला येणार ना, उन्मेषने सांगून ठेवलंय, तुमची खोलीसुद्धा लावून ठेवलीय, असं त्या हौसेने सांगू लागल्या. दमयंतीबाई हो हो म्हणत राहिल्या. वर आल्यावर त्यांनी भाजी चिरता चिरता क्षिप्राला सहजच विचारलं, की ते पेन्शनचं काय म्हणत होता गं उन्मेष?

"अहो आई, पेन्शन म्हणजे तिकडचं घरगुती लॉज," क्षिप्रा हसून म्हणाली. "खाली मालकीण राहते, वर दोन-तीन खोल्या असतात. सकाळचा नाश्ता तीच देते."

"हो का," दमयंतीबाई म्हणाल्या आणि विळी धुवायला उठल्या.

त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. राग कोणावर काढावा तर कोणाचीच चूक नव्हती; विचारणाऱ्याने विचारलं होतं आणि नको म्हणणारीने नको म्हटलं होतं. कानटोपी त्यांनी उशीखालून काढली, जुन्या नऊवारीच्या घडीत गुंडाळली आणि कपाटाच्या तळाशी सारली. त्या दिवशी आमटीत मीठ पडलं नाही. सगळ्यांनी वरून घेतलं.

आर्याची तोंडी परीक्षा जवळ आली होती, आणि ती होती जर्मनची. इथे हुशार मुलांना एक जादा भाषा घेता येते. मैत्रिणींनी जपानी घेतली म्हणून आर्याने हट्टाने जर्मन घेतली होती. पाठातले संवाद म्हणायला तिला कोणीतरी जोडीदार हवा होता. आईबाबांना वेळ नव्हता, उरली आजी. पहिल्याच दिवशी आर्या ताठ बसून म्हणाली, "इश बिन आर्या."

"लाजतेस कशाला?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"लाजत नाही, आजी. इश मीन्स आय. मी."

"इश्श म्हणजे मी?" दमयंतीबाई बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. "म्हणजे तिथे सगळेच इश्श म्हणतात? बाप्येसुद्धा?"

"एव्हरीबडी, लाह. ऑल डे लाँग."

कितीतरी दिवसांनी त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. धोतर-टोपीतले गंभीर पुरुष चारचौघांत इश्श म्हणताहेत, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. आणि हो म्हणायचं तर 'या', हे कळल्यावर तर त्यांनी हातच जोडले. ही भाषा अर्धी आपल्याकडूनच गेली असणार, असं त्यांनी आर्याला ठासून सांगितलं. त्या दिवसापासून कणीक तिंबताना, कपडे वाळत घालताना पाठ सुरू झाला. कोण कोण येणार, असं पाठातल्या बाई विचारत. आर्या म्हणायची, "इश कोमं," मी येते. मग ती बाबा येतात, आई येते म्हणायची आणि थांबायची, की दमयंतीबाईंनी म्हणायचं, "इश आउख." मीही. मग नाव विचारलं की म्हणायचं, "इश हायसं फ्राउ म्युलर." माझं नाव म्युलरबाई. पाठातली म्युलरबाई मोठी हौशी होती. कुठेही कोणी निघालं की ही आपली 'मीही'. कोणी तिला दोनदा विचारत नव्हतं आणि ती कोणाची वाट बघत नव्हती. दमयंतीबाईंना तिचा हेवा वाटायचा.

परीक्षा झाली, आर्या पास झाली, म्युलरबाईंची गरज संपली. निघायला महिना-दीड महिना उरला तरी लिंडनहालच्या मालकिणीचं उत्तर नव्हतं. उन्मेषने मेल पाठवल्या, पण बाई मेल बघतच नसाव्यात. शेवटी एका रविवारी दुपारी, तिकडे सकाळ झाली असेल असा हिशेब करून, त्याने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. फोन टेबलाच्या मधोमध होता. भोवती उन्मेष, क्षिप्रा, आर्या, आणि कोपऱ्यात मटार सोलत दमयंतीबाई.

पलीकडून एका वयस्क बाईचा भरघोस आवाज आला. उन्मेषने इंग्रजीत सुरुवात केली. बाईंनी "नो इंग्लिश, नो इंग्लिश" म्हणून त्याला थोपवलं. त्याने आर्याला कोपराने ढोसलं. आर्याने आधी मान हलवली, मग ओठ चावले, मग अडखळत तारखा सांगितल्या. लहान मुलीचा आवाज ऐकून बाईंनी आपला वेग कमी केला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "वेअर कोम्ट?"

कोण कोण येणार? पाठातलाच प्रश्न. आर्याचा चेहरा उजळला आणि तिने पाठातल्याच चालीवर सुरू केलं. "इश कोमं. माइन फाटर कोम्ट. माइनं मुटर कोम्ट." मी येते, बाबा येतात, आई येते.

आणि ती थांबली. पाठात ती इथेच थांबायची. सवयीने तिची नजर आजीकडे गेली.

दमयंतीबाईंना पुरतं कळत होतं की हा पाठ नाही. तिकिटं तीन आहेत, अरुणाताईंकडे खोली लावलेली आहे, आपण मटार सोलतो आहोत आणि गप्प बसलो तर कोणाच्या काही लक्षातही येणार नाही. त्यांनी मांडीवरची सालं झटकली. पदराला हात पुसले. टेबलापाशी येऊन त्या फोनवर वाकल्या.

"इश आउख," त्या म्हणाल्या.

क्षिप्राला वाटलं, आई फोनवर बोलायला लाजल्या. उन्मेषही तेच समजून हसला. पण फोनमधून हर्षाने भरलेला आवाज आला, "आउख? या, या! फिअर! या, या!" फिअर, म्हणजे चौघं.

'या' म्हणजे हो, हे काय दमयंतीबाईंना माहीत नव्हतं? त्यावर तर त्यांनी हात जोडले होते. पण कानांना कोण समजावणार? कानांनी ते सरळ मराठीतच ऐकलं. एकदा नाही, दोनदा नाही, कुठली कोण परकी बाई दारात उभी राहून हाक मारावी तशी म्हणत होती, या, या. इतके दिवस ज्या आग्रहासाठी जीव अडकला होता तो सातासमुद्रापलीकडून आला होता. त्यांचे डोळे भरून आले आणि फोनची बटणं दिसेनाशी झाली.

"उंट वी हायसन झी?" बाईंनी विचारलं. तुमचं नाव काय?

म्युलरबाई जिभेच्या टोकावर होती. दमयंतीबाईंनी तिला तिथेच थांबवलं.

"इश हायसं दमयंती."

"दा-मा-यान-टी," पलीकडच्या बाईंनी सावकाश, लिहून घेता घेता म्हटलं. मग बरोबर जमलं की नाही हे बघायला पुन्हा एकदा म्हटलं.

हे नाव कोणी असं पूर्ण आणि मोठ्याने घेतल्याला किती वर्षं झाली होती. इथे त्या आई होत्या, आजी होत्या, आंटी होत्या. तिकडे काकू आणि वहिनी. मनोहररावांनीही जन्मभर 'अगं'वर भागवलं. शेवटच्या आजारात त्यांनी एकदाच नावाने हाक मारली म्हणे, पण तेव्हा दमयंतीबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. नर्सने नंतर सांगितलं.

फोन ठेवला गेला.

"काय म्हणाली गं ती?" उन्मेषने आर्याला विचारलं. "आणि आजी काय म्हणाली?"

"आजी सेड, मी टू," आर्या म्हणाली. "शी इज कमिंग, बाबा. द लेडी ऑल्सो रोट हर नेम."

उन्मेष आईकडे बघत राहिला. "आई, मी विचारलं होतं ना तुला? तू नको म्हणालीस."

"एकदाच विचारलंस," दमयंतीबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण उन्मेषचा चेहरा पडला. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. पंगती काही तो अगदीच विसरला नव्हता. आजोळी तूप वाढताना आजोबा कसे पानावर वाकून उभे राहायचे, ते त्याला आठवत असावं. तो खुर्ची ओढून आईच्या समोर बसला.

"आई, चल ना आमच्याबरोबर," तो म्हणाला. "तिकिटाचं, व्हिसाचं मी उद्याच बघतो. गुडघे दुखले तर किल्ले राहू देत, नदीकाठी बसू. चल ना. माझ्यासाठी."

जन्माची सवय अशी लगेच थोडीच सुटते. "इश्श," दमयंतीबाईंच्या तोंडून निघालंच. पुढचे दोन शब्द ओठांपर्यंत आले होते. ते त्यांनी गिळले. तेवढंच 'इश्श' टेबलावर राहिलं, आणि ते मराठी होतं की जर्मन, हे आर्यालाही सांगता आलं नसतं.

क्षिप्राने मटाराचं भांडं आपल्याकडे ओढून घेतलं आणि ती शेंगा सोलू लागली. उन्मेषने नकाशा पसरला, आणि या वेळी तो फिरवून आईच्या बाजूने सुलटा ठेवला. दमयंतीबाईंना क्षणभर नदीच सापडेना. मग त्या उठून आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मरून रंगाची कानटोपी होती. ती त्यांनी नकाशावर, लिंडनहालच्या शेजारी ठेवली.

उन्मेषने ती उचलून बघितली. त्याला हसू येत होतं. "अगं आई, जूनमध्ये तिकडे उन्हाळा असतो," तो हळूच म्हणाला. "टोपी कशाला?"

"मला हवी आहे," दमयंतीबाई म्हणाल्या.